नात्याच्या रकान्यात काय लिहायचं?

  आजचा विषय पत्रिकेवर जरा लांबलचक छापला गेला आहे. साध्या भाषेत सांगतो. जे समलिंगी आहेत, तृतीयपंथी आहेत, आणि आता म्हातारे झाले आहेत, त्यांच्यासाठी संस्था कुणी उभ्या केल्या, पगार न घेता त्यांचं नेतृत्व कुणी केलं, आणि ते काम इतकं अवघड का होतं, हा आजचा इतिहास. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे सनावळीच्या मध्ये एखादी संकल्पना घुसेल, ती चालवून घ्या.

सुरुवात एका हिशोबानं करू. १९४५ साली जन्मलेला एक माणूस कल्पा. आपल्याच जिल्ह्यातला धरा, सेलूचा किंवा जिंतूरचा. तो शाळेत जायच्या आत निजामाचं राज्य गेलं. तो वयात आला तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ त्याच्या डोक्यावर होतं. ही संहिता १८६० सालची. सरकारी नोकरीत असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी, २००३ साली, तो निवृत्त झाला. म्हणजे पूर्ण नोकरी या कलमाखाली. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की प्रौढांनी राजीखुशीनं, खासगीत ठेवलेला संबंध गुन्हा नाही. तेव्हा हा माणूस चौसष्ट वर्षांचा. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अडुसष्टाव्या वर्षी तो पुन्हा गुन्हेगार. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं त्याला मोकळं केलं. वय वर्षं त्र्याहत्तर.

आता मला सांगा, त्र्याहत्तराव्या वर्षी मिळालेल्या स्वातंत्र्याचं माणूस काय करतो? संसार थाटायचं वय गेलेलं. अशा माणसापुढे तरुणपणी दोनच वाटा होत्या. घरच्यांनी ठरवलेलं लग्न करून गप्प राहणं, किंवा बिनलग्नाचं राहून बदली मागून लांब जाणं. पहिल्या वाटेनं गेला त्याला म्हातारपणी मुलं-नातवंडं आहेत, पण मनातलं बोलायला कुणी नाही. दुसऱ्या वाटेनं गेला त्याला बोलायला एखादा मित्र असेल, पण दवाखान्यात सही करायला कुणी नाही. मधे एक तिसरी जमातही आहे: ज्याचा सोबती तीस वर्षं बरोबर राहिला आणि वारला, आणि अंत्यविधीला हा माणूस 'शेजारी' म्हणून मागच्या रांगेत उभा राहिला.

आपल्या कायद्याच्या मनात म्हातारपणाचं चित्र काय आहे, ते पाहा. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. चांगला कायदा आहे, आपल्या संघातही त्यावर बोलणं झालेलं आहे. त्यात निर्वाहाची जबाबदारी मुलांवर, आणि मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकावर. म्हणजे रक्त, नाहीतर वारसा. ज्याचं रक्ताचं नातं तुटलंय आणि ज्याच्याकडे मालमत्ताही नाही, त्याच्यासाठी या कायद्यात फारसं काही नाही.

इथे आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. आपण तीन ऋणं सांगतो, देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. पितृऋण संततीनं फिटतं, म्हणजे निपुत्रिक माणूस कायमचा देणेकरी. पण शतपथ ब्राह्मणात ऋणं चार सांगितली आहेत. चौथं मनुष्यऋण. माणूस म्हणून जन्मलो म्हणून माणसांचं देणं लागतो, आणि ते फिटतं निवारा आणि अन्न दिल्यानं. हे चौथं ऋण आपल्या बोलण्यातून गळून गेलं, का गेलं हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज ज्या संस्थांबद्दल बोलायचं, त्यांच्या पुढाऱ्यांनी शतपथ ब्राह्मण वाचलं असण्याची शक्यता कमी. पण कर्तव्य म्हणून त्यांनी जे पत्करलं ते नेमकं हेच, ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही त्यांना निवारा आणि अन्न.

आणि हे काही मुंबईत १९९० नंतर सुरू झालं असं नाही. हिजडा समाजात ही व्यवस्था फार जुनी आहे. गुरू, चेला, नातचेला, डेरा, घराणं, घराण्याचा नायक. आपण टाळ्या आणि बधाई पाहतो, त्यामागची संस्था पाहत नाही. घरानं हाकललेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर गुरूच्या दारात येतं. गुरू त्याला नाव देतो, रीतभात शिकवतो, छप्पर देतो. चेला कमाई गुरूला देतो. गुरू थकला की चेल्यानं त्याला सांभाळायचं, मेल्यावर क्रियाकर्म करायचं, आणि डेऱ्याचा वारसाही चेल्याकडे जायचा. ही म्हातारपणाची विमा योजनाच म्हणा, फक्त हप्ता आयुष्याचा. सेरेना नंदा यांचं १९९० सालचं पुस्तक आणि गायत्री रेड्डी यांचं हैदराबादच्या हिजड्यांवरचं २००५ सालचं पुस्तक, दोन्हींत या नात्यांचं बारकाईनं वर्णन आहे. हैदराबाद म्हणजे आपलं जुनं राजधानीचं गाव, हे परभणीकरांना सांगायला नको.

इंग्रज सरकारला ही व्यवस्था चांगली कळली होती, आणि म्हणूनच त्यांनी ती मोडायला घेतली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारध्यांच्या, भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात माहीत असतो. त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. उत्तरेतल्या ब्रिटिश मुलखात पोलिसांनी त्यांची नोंदवही ठेवायची, बायकांच्या वेशात रस्त्यावर दिसले तर पकडायचं, हे सगळं त्यात होतंच. पण त्यातली एक तरतूद मला सर्वांत क्रूर वाटते. नोंद झालेल्या व्यक्तीला दानपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही, अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही. बघा, घाव कुठे घातला ते. नाचण्या-गाण्यावर बंदी हा वरवरचा भाग. गुरूकडून चेल्याकडे जे जाऊ शकतं, घर, चार भांडी, नाव, जबाबदारी, ते सगळं कायद्यानं कापलं. कर्त्या माणसाला वारस नेमता आला नाही तर संस्था एका पिढीत मरते, हे साहेबाला पक्कं ठाऊक होतं.

हैदराबाद संस्थानानंही हिजड्यांवर आपला कायदा केला, फसली १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सन १९१९. (फसली म्हटल्यावर जुने सातबारे आणि खासरा पत्रकं चाळलेले इथले लोक हसतायत, बरोबर.) त्यातही नोंदवही होती, वेशावरून पकडण्याची मुभा होती. आश्चर्य असं की हा कायदा तेलंगणात अगदी परवापर्यंत जिवंत होता. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. निजाम गेला, संस्थान गेलं, भाषावार प्रांत झाले, आणि हा कायदा मात्र शंभर वर्षं कपाटात बसून होता.

गुरू-चेला व्यवस्थेचं मी कौतुक करतोय, पण ती गोड आहे असं समजू नका. त्यात दंड आहे, कर्ज आहे, एका गुरूकडून दुसरीकडे जायचं तर पैसे मोजावे लागतात. गुरू कडक असला तर चेल्याचं तारुण्य त्याच्या कमाईत जातं. आणि ज्या हिजड्याला चेलेच झाले नाहीत, किंवा ज्याचे चेले आजारानं त्याच्या आधी गेले, त्याचं म्हातारपण आपल्या कुणाहीपेक्षा बिकट. नेतृत्वाला इथे अधिकार आहे, शिक्षा करण्याची ताकद आहे. म्हणून ती व्यवस्था टिकली, आणि म्हणूनच त्यातून अनेक जण पळालेही. नव्या संस्थांपुढे प्रश्न नेमका हा होता: शिक्षेची ताकद नसताना, पगार नसताना, जातपंचायतीसारखा वचक नसताना माणसं एकमेकांची जबाबदारी घेतील का?

आता मुंबईकडे जाऊ. अशोक राव कवी हे पत्रकार, जन्म १९४७. १९८६ मध्ये 'सॅव्ही' मासिकाला त्यांनी नावानिशी मुलाखत दिली. तेव्हा अशी मुलाखत देणं म्हणजे पुलावरून उडी मारण्यासारखं होतं. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं. या अंकाचं महत्त्व मजकुरात आहेच, पण त्याहून जास्त टपालात आहे असं माझं मत आहे. ज्या माणसाला वाटत होतं की जगात आपण एकटेच असे, त्याला पत्र पाठवायला एक पत्ता मिळाला. पत्ता मिळणं ही संघटनेची पहिली पायरी असते. १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढे मुंबई महापालिकेनं वाकोल्यात जागा दिली. ३७७ कलम लागू असताना महापालिका जागा देते, ही आपल्या कारभारातली एक सुखद विसंगती. एखाद्या अधिकाऱ्यानं आरोग्याचा प्रश्न म्हणून सही केली असेल. अशा सह्यांवर समाज पुढे सरकतो, ठरावांवर कमी.

पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. खिऱ्यांचं वेगळेपण असं की त्यांनी हा विषय मराठीत आणला. 'पार्टनर' सारखं पुस्तक मराठीत निघालं, म्हणून ते तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोहोचण्याची शक्यता तरी निर्माण झाली. इंग्रजीतली चळवळ दादर ओलांडत नाही, असं आम्ही गमतीनं म्हणत असू. नाटकवाल्यांनी त्याआधी दार ढकललं होतं, तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. पण नाटक संपल्यावर प्रेक्षक घरी जातो. संस्था दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडावी लागते.

या संस्थांना पैसा आला तो प्रामुख्यानं एचआयव्ही प्रतिबंधाच्या मार्गानं. त्यात वाईट काही नाही, त्या पैशानं हजारो जीव वाचले. पण पैशाला स्वतःचं डोकं असतं. प्रतिबंधाच्या कार्यक्रमाला ज्याला संसर्गाचा धोका तो माणूस मोजायचा असतो. किती जणांना भेटलात, किती चाचण्या केल्या, किती निरोध वाटले. सत्तर वर्षांचा, गुडघे धरलेला, कुणाकडेही न जाणारा माणूस त्या तक्त्यात बसतच नाही. त्याचा धोका वेगळा: पडण्याचा, एकटं मरण्याचा, दोन दिवस कुणाला न कळण्याचा. अनुदानाच्या रकान्यात एकटेपणाला जागा नव्हती. म्हणून ज्येष्ठांचं काम जिथे झालं तिथे ते बहुतेक विनापगारीच झालं. स्वयंसेवक नेतृत्व हा इथे आदर्शवाद नव्हता. दुसरा मार्ग नव्हता.

मुंबईत २०१७ मध्ये पन्नाशीपुढच्या समलिंगी पुरुषांचा 'सीनेजर्स' नावाचा गट जमला. सीनियर आणि टीनेजर यांची ही खिचडी. अशोक राव कवींचं नाव याही गटाशी जोडलेलं आहे. मला यात रस वाटतो तो असा: ज्या माणसानं सेहेचाळिशीत तरुणांसाठी संस्था काढली, तोच सत्तरीत म्हाताऱ्यांच्या गटात बसला. संस्थापक आणि लाभार्थी एकच झाले. आपल्याकडे साधारणपणे वृद्धाश्रम तरुण काढतात आणि म्हातारे त्यात राहतात. इथे म्हातारेच एकमेकांचे कार्यकर्ते. त्याचा फायदा म्हणजे दयेचा वास येत नाही. तोटा म्हणजे सचिवालाच मोतीबिंदू झाला की सभेची सूचना निघत नाही. विनोद नाही करत, अशा संस्थांची खरी अडचण हीच असते.

जगात या प्रकारची सर्वांत जुनी संस्था न्यूयॉर्कमधली, 'सेज' नावाची, १९७८ पासूनची. तिचं पहिलं काम फार साधं होतं. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे स्वयंसेवकांनी ठरलेल्या वेळी जायचं आणि गप्पा मारायच्या. इमारत, निधी, कायदेशीर लढे सगळं नंतर. ब्रुकलिनमध्ये या ज्येष्ठांसाठी घरांची मोठी इमारत उभी राहिली ती २०१९ मध्ये. पहिल्या भेटीपासून त्या इमारतीपर्यंत चाळीस वर्षं. मधली चाळीस वर्षं कशावर चालली? ठरलेल्या दिवशी दार वाजवण्यावर. प्रेमळ माणसं पुष्कळ असतात, पण दर मंगळवारी चार वाजता येणारी माणसं थोडी. अरिस्टॉटल मैत्रीला सद्गुणाशी जोडतो आणि सद्गुण ही सवय आहे म्हणतो, ते मला वर्गात समजावताना नेहमी जड जायचं. या संस्थेचं उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर बरं झालं असतं.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. आतापर्यंत मी बहुतेक पुरुषांबद्दल बोललो, आणि तो माझाच दोष नाही. इतिहासच तसा नोंदला गेलाय. मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' हा समलिंगी-उभयलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला, त्याचंच पुढे 'लेबिया' झालं. पण म्हाताऱ्या स्त्रियांची संस्था शोधायला जा, हाती फारसं लागत नाही. आणि तरी त्या आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावात दोन निवृत्त बाई एकत्र राहिलेल्या असतात. एक शिक्षिका, एक नर्स. लोक म्हणतात, 'एकमेकींना आधार आहे हो.' कुणी काही विचारत नाही. त्यांतल्या कितीजणी कोण होत्या, हे आपल्याला माहीत नाही आणि चौकशी करण्याचा आपला अधिकारही नाही. पण या न विचारण्यानं त्यांना संरक्षण मिळालं, हे मान्य केलं पाहिजे. त्याची किंमत नंतर कळते. एक गेली की दुसरीला वारसा नाही, पेन्शन नाही, आणि पुतण्या येऊन घराला कुलूप लावतो.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' म्हणून देशात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यांत सहा वर्षांपर्यंतची बालकंच ५४,८५४ होती, यावरून तो आकडा किती सावधपणे वाचायचा ते कळतं. समलिंगी माणसांना तर रकानाच नाही. मग परभणीत असे ज्येष्ठ किती? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि मला तो उलटा वाटतो. गरज आकड्यानंतर येत नाही. दार उघडं दिसलं की मग माणसं मोजता येतात.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचं उदाहरण घेतो. त्यांना मी या चळवळीत ओढत नाही, तसा गैरसमज नको. पण पाहा, स्वतःचा संसार नसलेली, दुसऱ्याच्या घरात दासी म्हणून वाढलेली बाई. नामदेवांच्या घरात तिला रक्ताचा हक्क नव्हता. तरी परंपरेनं तिला त्या घरातलं माणूस मानलं, आणि जात्यावर तिच्या जोडीला विठ्ठल बसवला. नात्याशिवायचं घर ही कल्पना मराठवाड्याला परकी आहे असं मला कुणी सांगू नये.

ज्येष्ठ नागरिक संघ तर आपल्याकडे तालुक्यातालुक्यात आहेत, आणि ते पूर्ण स्वयंसेवी आहेत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, सगळे बिनपगारी. आपण तिथे काय करतो? वाढदिवस, सहल, आरोग्य तपासणी, आणि लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. त्या सत्काराच्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसलेला एकटा सभासद काय विचार करत असेल, हे आपण कधी मनात आणलं नाही. सत्कार बंद करा असं म्हणत नाही. पण त्या सभासदाला कुणी 'लग्न का नाही केलं हो?' हे दरवर्षी विचारू नये, एवढं तर आपल्या हातात आहे. वेगळी संस्था काढण्याआधी असलेल्या संस्थेत माणूस न घाबरता बसू शकतो का, ते बघावं.

बाकी काम कागदांचं आहे, आणि स्वयंसेवक नेत्याची खरी कसोटी तिथे लागते. २०१९ च्या कायद्यानं तृतीयपंथी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद केली. संजय गांधी निराधार योजनेत तृतीयपंथींचा समावेश आहे. पण साठीच्या माणसाकडे जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला जुन्या नावाचा, रेशनकार्ड भावाच्या घरचं. त्याच्याबरोबर तहसीलला चार वेळा जाणारा कुणीतरी लागतो. भाषण करणारा पाचवा असला तरी चालेल.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि यातल्या व्यवहारी अडचणींवर समिती नेमण्याचं केंद्रानं कबूल केलं. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तीन पत्रकं निघाली, ती फारशी कुणी वाचली नाहीत. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना एकाच घरातलं धरावं. आणि आरोग्य खात्याचं राज्यांना पत्र: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. मघाचा तो शेजारी म्हणून मागच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आठवा. हे पत्र त्याच्यासाठी आहे. आता ते आपल्या दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या कारकुनापर्यंत कोण पोहोचवणार? त्याच्यासमोर तर छापील फॉर्म आहे आणि त्यात 'रुग्णाशी नाते' असा रकाना आहे.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी सांगतो, कारण व्याख्यानानंतर लोक तेच विचारायला येतात. मृत्युपत्र कुणाच्याही नावे करता येतं, हिंदू माणसाला स्वकष्टार्जित सगळं. मुस्लिम कायद्यात साधारण एक तृतीयांशाची मर्यादा आहे. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि दुसरं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रत्येक प्रौढ माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो. स्मृतिभ्रंश झाला, मन ताब्यात राहिलं नाही, तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं हे आज ठरवता येतं. तो नातेवाईक असायलाच हवा असं कायदा म्हणत नाही. साध्या कागदावर लिहायचं आणि सही करायची, अंगठा असला तरी चालतो. कोरे कागद मी आणलेत, ते त्या टेबलावर आहेत.